मागून नेलेली मोटार

वस्तू मागून आणावी आणि दुसऱ्याने मागितली असता आपली द्यावी, हा आपल्या संसारातील फार जुना व्यवहार आहे. लग्नकार्यात शेजारच्या घरची पातेली, पराती आणि सतरंज्या आल्या नाहीत असे घर पूर्वी विरळाच. वऱ्हाडाला बैलगाड्या लागत, त्याही पुष्कळदा भाऊबंदांकडून मागून आणलेल्या असत. अशा वस्तूला धर्मशास्त्रात ‘याचितक’ असे स्वतंत्र नाव आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीने ठेवीच्या प्रकरणात तिला जागा दिलेली आहे. ठेवीला जो नियम तोच याचितकाला. राजाने नेली किंवा दैवाने हिरावली तर गोष्ट निराळी. एरवी वस्तू परत केली पाहिजे, ते न जमल्यास भरून दिली पाहिजे. पातेल्यापुरता प्रश्न एवढ्याने मिटतो. पातेले वाटेने जाणाऱ्या माणसाच्या अंगावर जात नाही.

वाहन जाते. म्हणून मागून नेलेल्या वाहनाचा विचार दोघांत संपत नाही. देणारा आणि नेणारा ह्यांच्या जोडीला रस्त्यावरचा तिऱ्हाईत येतो, ज्याचा ह्या दोघांच्या स्नेहाशी काडीचाही संबंध नसतो. आणि त्याच्या पाठोपाठ दंड वसूल करणारे सरकारही येते. ह्या चौघांत पैशाचा बोजा अखेर कोणी उचलावा, ह्या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा पालटले आहे. ते कसकसे पालटत गेले हे पाहू लागले असता एक चमत्कारिक गोष्ट आढळते. कायद्याने तिऱ्हाइताची काळजी उत्तरोत्तर अधिक वाहिली, मालकाला बऱ्याच अंशी सावरले. परंतु ज्याच्यासाठी हा सारा उपकार झाला, त्या मागून नेणाऱ्या मित्राच्या वाट्याला सर्वांत थोडे संरक्षण आले.

कल्याणच्या पुढील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या गावांत हा प्रश्न नित्याचा होऊन बसला आहे, आणि त्याला कारणही आहे. ही आगगाडीच्या वाटेवरची गावे. कल्याणच्या पुढे पळसदरीच्या बाजूस लोहमार्ग सुरू झाला तो १८५६ साली. अंबरनाथचे शिवालय त्याच्याही आठशे वर्षे आधीचे, परंतु आजची वस्ती आगगाडीने आणि कारखान्यांनी वसविली. येथील गृहस्थ सकाळची लोकल गाठून मुंबईस किंवा ठाण्यास जातो आणि त्याची मोटार इमारतीच्या आवारात दिवसभर उभी राहते. जी वस्तू उभीच आहे ती मागावयास संकोच कमी वाटतो. मग कोणाला टिटवाळ्याच्या गणपतीला आईस न्यावयाचे असते, कोणाला रात्री-अपरात्री रुग्ण घेऊन इस्पितळ गाठावयाचे असते, आणि पावसाळ्याच्या रविवारी तर बारवी धरणाची वा कोंडेश्वरच्या धबधब्याची वाट धरणारे मित्र दाराशी येऊन किल्ली मागतात. ‘गाडी काय, आपलीच आहे,’ असे म्हणून किल्ली दिली जाते. ह्या वाक्याचा कायद्याच्या दृष्टीने काय अर्थ होतो, हेच पाहावयाचे आहे.

मोटारीच्या आधी बैलगाडी होती, आणि तिच्या अपघाताचा विचार मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बराच बारकाईने केलेला आढळतो. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस वा चाक मोडले, वाहन आडवेतिडवे गेले, किंवा हाकणाऱ्याने ‘बाजूला व्हा’ म्हणून आरोळी दिली होती, अशा दहा प्रसंगी कोणालाच दंड नाही. पण सारथ्याच्या अनाडीपणामुळे गाडी वाट सोडून गेली आणि इजा झाली, तर दंड सारथ्याला नसून गाडीच्या मालकाला आहे, दोनशे पणांचा. सारथी कुशल असेल तर मात्र दंड त्याचा त्याने भरावयाचा. ह्यातील तर्क सरळ आहे. अनाडी माणसाच्या हाती कासरा देणारा तोच मूळ अपराधी. मनू येथेच थांबत नाही. सारथी अनाडी आहे हे दिसत असता जे त्याच्या गाडीत बसले, त्यांनाही प्रत्येकी शंभर पणांचा दंड सांगितला आहे. आजच्या कायद्याने मागच्या आसनावरील मंडळींना इतके कडक शासन अजून केलेले नाही!

इंग्रजी अमदानीत १८७२ साली कराराचा कायदा झाला, आणि त्यात दुसऱ्याच्या हाती सोपविलेल्या वस्तूचे एक प्रकरणच आहे. उदाहरणे घोड्यांची आहेत, कारण काळच घोड्यांचा होता. एकाने आपला घोडा खट्याळ आहे हे ठाऊक असून मित्राला न सांगता दिला आणि घोडा उधळून मित्र पडला, तर जबाबदार देणारा. दुसऱ्या उदाहरणात घोडा एकाच्याच बसण्यासाठी म्हणून दिला होता. त्याने तो घरातील दुसऱ्या माणसाला दिला. तो माणूस जपून बसला, तरी घोडा पडून जखमी झाला. तेथे भरपाई नेणाऱ्याने द्यावयाची. हा कायदा आजही चालू आहे, आणि घोड्याच्या जागी मोटार घातली की दोन्ही उदाहरणे आजची होतात. मोटारीचा ब्रेक नीट लागत नाही हे माहीत असून जो मित्राला सांगत नाही, तो खट्याळ घोडाच देत असतो. आणि स्वतःसाठी म्हणून नेलेली गाडी जो परस्पर आपल्या मेहुण्याला चालवावयास देतो, त्याने दुसरे उदाहरण वाचून ठेवावे.

परंतु हे सारे देणारा आणि नेणारा ह्यांच्या आपापसातले झाले. तिऱ्हाइताचा प्रश्न न्यायालयांपुढे खऱ्या अर्थाने आला तो मोटारीबरोबर. १९१२ साली न्यूझीलंडमधून आलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, मालक स्वतः गाडीत बसला असून दुसऱ्याला चालवू देत असेल, तर गाडीवरील त्याचा ताबा सुटलेला नाही. अपघाताची भरपाई त्यानेच दिली पाहिजे. मग मालक गाडीत नसेल तर? इंग्लंडातील न्यायालयांचे उत्तर असे की, चालवणारा मालकाचे काम करीत होता की स्वतःचे, हे पाहावे. एका मुलाने आईची परवानगी घेऊन वडिलांची मोटार नेली, आपल्या मैत्रिणींना घरी पोहोचवावयास. अपघातात एक जण दगावला. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या निवाड्याप्रमाणे वडील सुटले, कारण ते काम मुलाचे होते. पुढे १९५३ साली एका मालकाने आपली मोटार मित्राकरवी माँटे कार्लो येथे पोहोचवावयास सांगितली होती. वाटेत ती एका बसवर आदळली. तेथे मित्राची सहल होती तशी मालकाचीही सोय होती. म्हणून मालक बांधला गेला. नुसती परवानगी देणे वेगळे आणि आपल्या कामासाठी पाठविणे वेगळे, हा भेद तेव्हापासून पक्का झाला. आपल्याकडील व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर, ‘गाडी घेऊन जा’ ह्यात एक जबाबदारी आहे आणि ‘जाता जाता आमच्या मावशीला कल्याणला सोड’ एवढे पुढे जोडले की दुसरी सुरू होते.

भेद तर्कशुद्ध खरा; पण जखमी झालेल्या माणसाच्या हाती त्याने काही लागत नसे. मालक सुटला, आणि मागून नेणाऱ्या मित्राच्या खिशात दमडी नाही, मग निवाडा घेऊन काय करावयाचे? ह्या अडचणीतून सक्तीच्या विम्याची कल्पना पुढे आली. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा सक्तीचा झाला, आणि लवकरच लंडनच्या अपील न्यायालयापुढे आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडणारा खटला आला. एका गृहस्थाने आपली मोटार मित्राला दिली. विमा होता, परंतु तो मालक किंवा त्याचा नोकर गाडी चालवीत असतानाचा. मित्राच्या हाती गाडी असताना विमा लागू नव्हता. टक्कर होऊन एका बसचा चालक जखमी झाला. मित्र निर्धन. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या निवाड्यात न्यायालयाने मालकालाच भरपाई द्यावयास लाविली. त्याने गाडी हाकली नव्हती, निष्काळजीपणा केला नव्हता. विम्याचे छत्र नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली, हाच त्याचा दोष. मनूच्या अनाडी सारथ्याच्या न्यायाशी ह्याचे नाते लक्षात येण्याजोगे आहे.

हिंदुस्थानात १९१४ च्या मोटार कायद्याने गाडीची नोंदणी आणि चालकाचा परवाना ह्या गोष्टी आणल्या. विम्याची सक्ती नव्हती. ती १९३९ च्या कायद्याच्या आठव्या प्रकरणात आली. पण कायदा १ जुलै १९३९ पासून लागू झाला असता हे प्रकरण मात्र महायुद्ध संपेपर्यंत बाजूला ठेवले गेले, आणि १ जुलै १९४६ रोजी अमलात आले. त्या दिवशी उल्हासनगर नावाचे गावच नव्हते. तेथे युद्धकाळात उभारलेली लष्कराची छावणी होती. कल्याण कँपातून मालमोटारी ये-जा करीत, आणि सरकारी कामावरील सरकारी वाहनांना विम्याच्या सक्तीतून सूट होती! पुढे वर्ष-दीड वर्षात फाळणी झाली, सिंधमधून उखडलेली कुटुंबे त्या बराकींत येऊन राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. गाव आणि सक्तीचा विमा जवळजवळ एकाच वयाचे आहेत.

नव्या कायद्याने तिऱ्हाइताला विमा कंपनीच्या दारात उभे केले. आता तंटा वाढला तो कंपन्यांचा. मुंबईचा एक खटला येथे अगदी नमुन्यादाखल आहे. एका गृहस्थाची शेव्हरोले मोटार होती व तिचा विमा न्यू एशियाटिक कंपनीकडे होता. त्याने ती आपल्या परवानगीने दुसऱ्या गृहस्थाला चालवावयास दिली. अपघात होऊन गाडीत बरोबर बसलेले दोघे जखमी झाले आणि त्यांनी चालवणाऱ्यावर दावे लावले. चालवणाऱ्याच्या घरी स्वतःची पाँटिॲक मोटार होती. तिचा विमा दुसऱ्या कंपनीचा, आणि त्या विम्यात, त्याने दुसऱ्याची खासगी गाडी चालविली तरी त्याला संरक्षण मिळेल, असे कलम होते. उलट शेव्हरोलेच्या विम्यात असे कलम होते की, परवानगीने चालवणाऱ्याला आम्ही संरक्षण देऊ, परंतु त्याला दुसऱ्या कोणत्याही विम्याचा आधार नसेल तरच. न्यू एशियाटिकने दुसऱ्या कंपनीकडे बोट दाखविले.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ साली निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की, सक्तीचा विमा ह्या विशिष्ट मोटारीचा आहे. मालकाच्या परवानगीने जो ती चालवितो तोही ह्या विम्याच्या छत्राखाली येतो. कंपनीने आपल्या विमेदाराशी कागदावर काही अटी घातल्या असतील, त्या त्यांच्या आपापसात पाहाव्यात. तिऱ्हाइताच्या आड त्या येऊ शकत नाहीत. म्हणून पैसे द्यावयाचे ते मागून नेलेल्या गाडीच्या विमा कंपनीने. विमा माणसामागे न जाता गाडीमागे जातो, हे तत्त्व अशा रीतीने आपल्या देशात रुजले. मित्राला गाडी देणाऱ्या मालकाला आज जी थोडीफार निर्धास्ती आहे, ती मुख्यतः ह्या निकालाची कमाई होय.

दुसरा प्रसंग नागपूरकडचा. १८ डिसेंबर १९६० रोजी एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची मोटार नागपुराहून पांढुर्ण्यास निघाली होती. चालविणारा कंपनीचाच व्यवस्थापक. त्याने ओळखीच्या एका गृहस्थाला सोबत घेतले. गाडी झाडावर आदळली आणि तो गृहस्थ मरण पावला. कंपनीचे म्हणणे असे की, व्यवस्थापकाने परस्पर कोणाला गाडीत घेतले त्याला आम्ही काय करावे? उच्च न्यायालयाने ते मान्य केले. विधवेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि १९७७ मध्ये, अपघातानंतर सोळा वर्षांनी, कंपनी जबाबदार ठरली. भरपाई एकतीस हजारांवर होती. त्यातील केवळ पंधरा हजारांची जोखीम विम्यात होती, उरलेली रक्कम मालक कंपनीच्या अंगावर आली. सोळा वर्षे हा काळ एखाद्या घरातील मुले वाढून मोठी होण्याचा आहे. अपघाताच्या दाव्यांसाठी निराळी न्यायाधिकरणे स्थापण्याची तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने झाली होती, पण न्यायाधिकरणाच्या वर उच्च न्यायालय आणि त्याच्याही वर सर्वोच्च न्यायालय असतेच. आज अंबरनाथ-बदलापूरकडील अशा दाव्यांचे पुष्कळसे कागद ठाण्याच्या न्यायाधिकरणापुढे जातात.

१९८८ साली गोव्यातील एक खटला निकालात निघाला. तेथे मालकाने गाडी मित्राला दिली नव्हती, दुरुस्तीसाठी कारखानदाराला दिली होती, आणि त्याच्या नोकराच्या हातून अपघात झाला. तरीही विमा कंपनी सुटली नाही. गाडी कोणाच्या का हाती असेना, सक्तीचा विमा तिच्याबरोबर असतो.

अर्थात ह्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो परवान्याचा. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर विम्याची अट मोडते. मग तिऱ्हाइताचे काय? ह्या बाबतीत न्यायालयांनी एक मधली वाट काढली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने अनेक अपिलांचा एकत्र विचार करून असे ठरविले की, चालकाला परवाना नव्हता एवढे दाखविल्याने कंपनी सुटत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने अट मोडली हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे. आणि ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यावयास लावून मागाहून ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. वसुलीचा तो हुकूम म्हणजे मालकाच्या राहत्या घरावर येणारे संकट, हे विसरता कामा नये. लक्षावधी रुपयांची रक्कम असते आणि ती कंपनी सोडीत नाही. मित्राचा परवाना पाहावयास मागणे आपल्याकडे अपमानास्पद वाटते. ज्याच्याबरोबर ताटाला ताट लावून जेवलो त्याला ‘लायसन दाखव’ कसे म्हणावे? पण न्यायालय मालकाला नेमके हेच विचारते की, आपण पाहिले होते काय?

अल्पवयीन मुलाच्या बाबतीत तर २०१९ च्या दुरुस्तीने सारी सवलत काढून घेतली. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक अपराधी असे आधीच धरले जाते. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण रोखण्याची पराकाष्ठा केली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या महागड्या मोटारीने दोघा तरुण इंजिनियरांचा बळी घेतला, तेव्हा हे कलम घरोघरी बोलले जाऊ लागले. मनूच्या मालकाला दोनशे पण पडत होते.

आता त्या मित्राकडे वळावयाचे. कर्नाटकात इलकल म्हणून गाव आहे. इरकली लुगड्यांमुळे आपल्याकडील प्रत्येक घराला ते नावाने परिचित. तेथून एक माणूस दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे घेऊन चाललेली बैलगाडी एकाएकी थांबली, त्यावर आदळून तो मरण पावला. पत्नीने गाडीच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मागून नेणारा त्या वेळेपुरता मालकाच्याच पादुकांत उभा असतो. मालक स्वतःच्या गाडीवर पडला तर स्वतःविरुद्ध भरपाई मागू शकत नाही. तसाच हाही मागू शकत नाही. २०२० साली राजस्थानातील एका प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले. तेथे मृताच्या घरच्यांना विम्यातील वैयक्तिक अपघाताच्या कलमाखाली एक लाख रुपये तेवढे मिळाले.

तर्क पाहिला तर निर्दोष आहे. परंतु ‘गाडी आपलीच आहे’ हे मालकाचे औदार्याचे वाक्य न्यायालयात अशा प्रकारे अक्षरशः खरे ठरावे, आणि त्याची किंमत एका विधवेने मोजावी, ह्यात काही तरी खटकते. विम्याची रचनाच तशी आहे. २०१८ पासून मालक-चालकासाठी पंधरा लाख रुपयांचा वैयक्तिक अपघाताचा विमा ठेवण्यात आला आहे, पण तो नावाप्रमाणे मालकाचा. मागून नेणाऱ्याने त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. त्याने स्वतःचा निराळा अपघात विमा उतरविलेला असेल तर त्याच्या घरच्यांना आधार, नाही तर नाही. पुढे जाणारी दुसरी मोटार चुकली असेल तर तिच्या कंपनीकडे मागता येते. मात्र झाड, खड्डा, बारवीच्या वाटेवरचे वळण आणि थोडा उतावळेपणा, एवढेच जर कारण असेल तर मागावयाचे कोणाकडे?

त्याच्याबरोबर बसलेल्या मित्रांची स्थिती विमा कोणत्या प्रकारचा आहे ह्यावर अवलंबून राहते. केवळ कायद्याची सक्ती भागविणारा स्वस्त विमा असेल, तर खासगी गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांना तो लागू नाही, असे न्यायालयांनी २००६ पासून वारंवार सांगितले आहे. सर्वंकष विमा असेल तर आत बसलेल्यांचीही जोखीम कंपनीने घेतलेली असते. गाडी मागताना हा फरक कोणी विचारीत नाही. पाच जण बसून निघतात आणि विम्याचा कागद खणात असतो, पुष्कळदा मुदत संपलेला. आणि गाडीचे भाडे घेतले, मग ते कितीही थोडे असो, की खासगी विम्याची अट मोडते ती निराळीच.

मालकाचे स्वतःचे नुकसान त्या मानाने किरकोळ. परवानाधारक मित्राच्या हातून गाडी चेपली तर सर्वंकष विम्यातून दुरुस्ती होते. परंतु दावा केला की वर्षानुवर्षे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जी वाढत वाढत निम्म्यापर्यंत जाते, ती गेली. ही सूट कोणी भरून द्यावी ह्याबद्दल कोणताही ग्रंथ काही सांगत नाही. मित्र बहुधा मिठाईचा पुडा आणतो.

राहता राहिला दंड. येथे इतिहासाने उलटी दिशा घेतलेली दिसते. भरपाईचा बोजा हळूहळू मालकावरून कंपनीकडे सरकत गेला, तर दंडाचा बोजा चालकावरून मालकाकडे येत आहे. जोपर्यंत चौकात शिपाई उभा राहून हात करीत असे, तोपर्यंत जो सापडला त्याने दंड भरला, पावती घेतली, आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नसे. कायद्यात मालकाचे कर्तव्य तेव्हाही लिहिलेले होते. गाडी कोण चालवीत होते त्याचे नाव, पत्ता व परवान्याची माहिती पोलिसांनी विचारली असता सांगितली पाहिजे, हे १९३९ च्या कायद्यात होते आणि १९८८ च्या कायद्यातही आहे. पण त्या कलमाची आठवण सहसा अपघात करून पळालेल्या गाडीच्या वेळीच होई.

कॅमेरा आला आणि चित्र पालटले. कॅमेऱ्याला चेहरा दिसला तरी ओळख पटते ती क्रमांकाची, आणि एम. एच. ०५ असा कल्याणच्या नोंदणीचा क्रमांक कोणाच्या नावावर आहे हे यंत्र क्षणात सांगते. गाडी ठाण्यात मित्राने दामटली, तरी निरोप बदलापुरात मालकाच्या भ्रमणध्वनीवर येतो. महाराष्ट्रात २०१९ च्या वाढीव दंडाची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पासून सुरू झाली, तेव्हापासून हे निरोप महागही झाले आहेत. दंड हा फौजदारी शासनाचा भाग असल्यामुळे तो विमा कंपनी भरीत नाही. मालकाला चालकाचे नाव कळवून आपण चालवीत नव्हतो असे सांगण्याचा मार्ग मोकळा आहे; कायद्याची तीच अपेक्षा आहे. परंतु मित्राचे नाव पोलिसांना कळवावयास किती जणांची लेखणी उचलते? बहुतेक जण मुकाट्याने पैसे भरतात, किंवा भरतच नाहीत. न भरलेला दंड गाडीच्या क्रमांकापुढे साठत राहतो आणि पुढे लोक अदालतीची नोटीस येते, किंवा गाडी विकावयाच्या वेळी तो एकदम समोर उभा राहतो. परवाना नसलेल्याला गाडी दिली असेल तर गोष्ट नाव कळवून भागत नाही. तेथे चालकाचा गुन्हा निराळा आणि देणाऱ्याचा निराळा, दोघांनाही पाच पाच हजार रुपये दंड सांगितला आहे.

मालक म्हणजे कोण, ह्याचे कायद्यातील उत्तरही आता नोंदवहीकडेच पाहते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक मोटार आली, जी पहिल्या मालकाने विकली होती, घेणाऱ्याने पुढे विकली, त्यानेही पुढे विकली; नोंद मात्र पहिल्याच नावावर राहिली. अपघात झाला तेव्हा गाडी कोणाच्या ताब्यात होती ह्याचा शोध घेत तिऱ्हाइताने वणवण करावी अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे सांगून न्यायालयाने भरपाईचा बोजा पहिल्या मालकावर ठेवला. त्याने ती गाडी कित्येक दिवसांत पाहिलीही नव्हती. जुनी गाडी ओळखीच्या माणसाला देऊन ‘कागद सावकाश करू’ असे म्हणण्याची रीत आपल्याकडे आहेच. विक्री झाल्यावर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावयाचे असते. तसे कळवून नाव बदलून घेतले नाही, तर अंबरनाथच्या रस्त्यावर कोणाच्याही हातून काहीही घडो, ठाण्याहून निघालेली नोटीस नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्याच्याच पत्त्यावर जाते.